वय, अधिक-उणे दोन

रेवा, कबीर,

परवा फोनवर रेवानं विचारलं, "आजी, आजोबा नक्की किती वर्षांचे होते गं?" आणि मी फोन ठेवून दिला. तुम्हाला वाटलं असेल, आजीला रडू आलं. तसं नव्हतं. मला उत्तरच माहीत नव्हतं. आजोबा जाऊन आता दीड महिना झाला. राहून जायच्या आत लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवेल.

ते गेले त्याच दिवशी तुमच्या बाबांनी वर्तमानपत्रासाठी मजकूर मागितला. मी लिहून दिलं, 'वय ८०, अधिक-उणे दोन'. कचेरीतून फोन आला. "काकू, वय एकच टाकाय लागतंय की वो!" मी म्हटलं, "मग टाकूच नका." तसंच, वयाशिवाय छापून आलं.

आजोबांचं काम दगडांची वयं काढण्याचं. तरुणपणी ते अंटार्क्टिकाला गेले आणि बर्फातून नुसती डोकी वर काढून उभ्या असलेल्या डोंगरांचे दगड घेऊन आले. त्या खंडाचा पायाच तो. दगड कुटून, पूड धुऊन त्यातून झिरकॉन नावाच्या खनिजाचे बारीक कण वेचायचे. त्यांच्यात युरेनियमचं हळूहळू शिसं होत असतं. किती झालं, त्यावरून वय. एकाच कणाचा गाभा शंभर कोटी वर्षांचा आणि भोवतीचं कवच पन्नास कोटींचं, असंही निघायचं. प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे, म्हणजे चूक किती असू शकते ते. त्याशिवाय वय सांगणं म्हणजे थाप, असं ते म्हणत. दुपारी गॅलरीत डोळे मिटून बसले की मला कळायचं, आता हे तिकडे आहेत... जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, नुसता कडेकडेनं फिरतो, आणि वारा थांबला की स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकू येतो. खालून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जायचा, तरी त्या शांततेला धक्का लागायचा नाही. मी चहा घेऊन दारातच थांबायची. कधी कधी मलाही बर्फ दिसायचा... निळसर, आणि त्यावर डोंगराची लांबच लांब सावली.

त्या डोंगरांच्या मागे एक सुळका होता. तिथवर त्यांना पोचता आलं नव्हतं. सगळ्यात जुना दगड तिथंच, अशी त्यांची खात्री. पुन्हा जायची संधी आली तेव्हा वयाची अट आडवी आली. कागदावर ते अटीपेक्षा वर्षभरानं मोठे ठरत होते. जन्मतारीख एक जून. हातकणंगल्याकडच्या त्यांच्या शाळेत मास्तरांनी सगळ्या पोरांना हीच दिलेली, आणि शाळेत लवकर प्रवेश मिळावा म्हणून सालही अंदाजानं मागचं घातलेलं. त्यांच्या आईनं खऱ्या सालाचं प्रतिज्ञापत्र दिलं की काम होणार होतं.

"आई, मी कुठल्या साली झालो?"

"आपली चांदी म्हस व्याली तवा."

"पण साल कुठलं?"

"म्हशीला साल असतंय व्हय रं? तू सांगशील त्येच्यावर अंगठा उठिवती की!"

आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. मी चिडून म्हटलं, "अहो, एका वर्षाचा तर प्रश्न. आणि ते खरंही असेल."

"असेल," ते म्हणाले. "पण पुरावा म्हशीचा आहे गं."

त्यांनी अंगठा घेतला नाही. दुसरे लोक गेले. तिकडे हवा बिघडली आणि सुळका त्यांच्याकडूनही राहिला. आजोबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. फक्त गॅलरीतल्या दुपारी लांबत गेल्या...

रेवा, तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे: ऐंशी, अधिक-उणे दोन. तो सुळका तिथंच उभा आहे. त्याचं वय अजून कुणी काढलेलं नाही.