झाकणावरचा तळहात

हेडमास्तरांच्या टेबलावरचा फोन वाजला, तेव्हा मी आठवीच्या वर्गाला बोरीच्या उसात बिबट्या आणि मी समोरासमोर कसे आलो, ते सांगत होतो. बिबट्या माघार घ्यायच्या बेतात होता. तेवढ्यात शिपाई दारात येऊन म्हणाला, "मास्तर, जुन्नरवरनं फोन व्हता. हसनचाचा गेले." बिबट्या तिथेच उभा राहिला आणि मी बाहेर पडलो. गोष्ट अर्धी टाकून मी उठलो, असं इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच झालं. चाचांना हे कळलं असतं तर म्हणाले असते, "बरं झालं. एक थाप तरी अर्ध्यावर ऱ्हायली."

आता दीड महिना झालाय, म्हणून लिहायला बसलो. हसनचाचा तांब्या-पितळेची भांडी ठोकून सरळ करायचे, कल्हई लावायचे. दुकान वेगळं नव्हतं. घराच्या पडवीत भाता, ऐरण आणि हातोड्यांची रांग. चाळीस वर्षं त्या ठणठणाटात बसून त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. समोरून, ओठ दिसतील असं बोललं तरच थोडंफार कळायचं. मागून चाचींनी हाक मारली तर पडवीतलं मांजर वळून बघायचं, चाचा नाही.

त्यांच्याकडे मी गेलो तो एका गिटारीपायी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक अजब गिटार मिळाली. लाकडी पोटाच्या मधोमध चाळणीसारखं भोकं पाडलेलं गोल धातूचं झाकण, आणि त्याखाली कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमची एक मोठी वाटी. तारांचा सगळा भार त्या वाटीवर. तार छेडली की वाटी थरथरते आणि आवाज लाकडातून येण्याऐवजी धातूतून येतो. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत वाजवायची. बोरीत मी सांगून टाकलं की एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आणलीय. गावाने ते ऐकून घेतलं आणि तिचं नाव पातेलं ठेवलं.

झाकणाला पोचा आला होता, तो काढायला मी गिटार चाचांकडे दिली आणि डिंभ्याला मेहुण्याकडे मासे खायला गेलो. बस वेळेवर मिळेना, म्हणून दोन दिवसांचे चार झाले. परत आलो तर झाकण आरशासारखं. चाचा खुशीत होते. म्हणाले, "आतली वाटी लई सुरकुतल्याली व्हती. तीबी काढली सरळ. तू सांगितलं नव्हतं, पण चांगलं काम अर्धं कशाला सोडायचं?"

वाटीवरच्या त्या गोल वळ्या म्हणजे सुरकुत्या नव्हत्या, वाटीचा जीव होता. तांबटाच्या डोळ्याला मात्र वळी दिसली की भांडं चेमटलंय, एवढंच कळतं. मी तार छेडली. गोधडीत गुंडाळलेल्या डब्यावर चमचा मारावा, तसा आवाज आला. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"झकास," मी म्हणालो.

त्यांनी पुढे होऊन झाकणाच्या कडेवर उजवा तळहात ठेवला. "परत वाजव." मी वाजवली. तळहात तसाच ठेवून त्यांनी डोळे मिटले... मग म्हणाले, "मास्तर, खोटं बोलतो तू. ही मेलीय."

मी खरं सांगितलं. त्यांनी हातोडा उचलून भिंतीला टेकवला, तो तिथेच राहिला. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून भांडं बिघडलं नव्हतं. बिघडलं, ते नेमकं असं की नीट झालं की नाही हे कळायला कान हवा. पुढच्या आठवड्यात चाचींचा निरोप आला, "तुमच्या पातेल्याने आमचं घर बंद पाडलंय." जाऊन बघतो तर लग्नघरांचे हंडे पडवीत तसेच पडलेले. चाचा म्हणत होते, ही गिटार बोलेपर्यंत दुसऱ्याच्या भांड्याला हात लावणार नाही.

मग पडवीत जे सुरू झालं, ते मी कितीही रंगवून सांगितलं तरी कमीच पडेल. पहिली वाटी तांब्याच्या पत्र्याची. जड, मुकी. दुसरी पातेल्याच्या झाकणाची. ती बोलली, पण सर्दी झाल्यासारखी. तिसरीच्या वेळी मी परत "छान" म्हणून बसलो. चाचांनी तळहात ठेवला आणि नियमच करून टाकला. "आजपास्नं तू बोलायचं न्हाई. फकस्त वाजवायचं. तुझ्या तोंडावर भरवसा न्हाई माझा. तारेवर हाय."

मी विचारलं, "पण चाचा, हाताला कसं कळतं?"

"भांडं पातळ झालं की फाटायच्या आधी हाताला सांगतं," ते म्हणाले. "कानाला सांगून काय उपेग? कान लांब असतो."

चौथी वाटी पातळ करता करता फाटली. पाचवीसाठी त्यांनी बाभळीच्या लाकडाचा साचा कोरला, त्यावर ॲल्युमिनियमची जेवणाची थाळी बसवली आणि लहान हातोडीने ठोकत ठोकत पानासारखी केली. शेवटी ज्या वळ्या स्वतः पुसल्या होत्या, त्या एकेक करून परत उठवल्या. एका सकाळी बोलावणं आलं. मी तारा चढवल्या, कांडी टेकवली आणि छेडलं. आवाज पडवी ओलांडून रस्त्यापर्यंत गेला. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली. मी मात्र नियमाप्रमाणे गप्प. आयुष्यात इतकं अवघड गप्प राहणं मी कधी केलं नाही. चाचांचा तळहात झाकणावर, डोळे मिटलेले... "हं," ते म्हणाले. "उठली." आणि भिंतीला टेकवलेला हातोडा घेऊन त्यांनी पहिला हंडा पुढ्यात ओढला.

त्यानंतर दहा-बारा वर्षं, सुट्टीच्या दिवशी मी गिटार घेऊन जुन्नरला जात राहिलो. गिऱ्हाइकं कमी होत गेली, स्टीलने त्यांचा धंदा खाल्ला, पण गिटारीला काही ना काही चालू असायचं. तारा उंच उचलायला पितळी पट्टी, राजदूत मोटरसायकलच्या पिस्टनची पिन घासून केलेली नवी कांडी. वाजवताना त्यांचा हात झाकणाच्या त्याच कडेवर. चाची म्हणायच्या, "बहिऱ्याला गाणं ऐकवायला बोरीवरनं येतात, आन् जिला कान हायेत तिला चहा करायला लावतात." यावर चाचा मला सांगायचे, "हळू वाजव, ती वैतागलीय."

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर मी गिटार घेऊन गेलो. पडवीत ऐरण होती, हातोड्यांची रांग होती. चाची पदराने गिटारीचं झाकण पुसू लागल्या आणि कडेशी थांबल्या. तिथला चकचकीत मुलामा घामाने उडून खालचं पितळ उघडं पडलंय, बरोबर तळहाताएवढं.

"मास्तर, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्यांना खरंच ऐकू यायचं का वो?"

हो म्हणणं सोपं होतं. अशा वेळी मी गोऱ्या साहेबाचा बंगला उभा करू शकतो, हे तर अख्ख्या बोरीला ठाऊक आहे. पण चाचींचं बोट नेमकं त्या पितळावर होतं.

"माहीत नाही, चाची," मी म्हणालो. "सूर ऐकू यायचा की नाही, खरंच माहीत नाही. पण खोटा वाजला तर कळायचं."

त्यांनी मान हलवली. "वाजवा मग."

मी वाजवलं. संपल्यावर त्या डोळे पुसत म्हणाल्या, "छान झालं." तारा अजून घुमत होत्या. मी त्या पितळावर माझा तळहात ठेवला. दुसरी तार किंचित उतरली होती.

"नाही चाची," मी म्हणालो, "परत वाजवतो."