इलाइट चौराह्यावर काका पडले होते

माझे काका चौराह्यावर पडले, हे माझ्या वडिलांनी मान्यच केलं नाही.

आज सकाळी श्रीधरकाका गेले.

दतिया गेटजवळच्या घरात आम्ही वर राहतो, काका-काकू खाली. आधी दोघा भावांत एकच पेपर यायचा. जिन्यात बसून वाचायचे, भांडायचे, मग चहा.

मग दोघांकडे स्मार्टफोन आले. बाबांच्या फोनवर बाबांच्या पार्टीच्या बातम्या, काकांच्या फोनवर काकांच्या.

चहा बंद झाला.

गेल्या हिवाळ्यात काका औषधं आणायला इलाइटला गेले. तिथे मोर्चा होता. पळापळ झाली, काका पडले. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये मला म्हणाले, "मागून धक्का लागला गं. कुणाचा, ते नाही दिसलं."

संध्याकाळी बाबांच्या न्यूज ॲपवर आलं: कुणीही जखमी नाही, सगळं नाटक.

काकांच्या ॲपवर: समोरच्या पार्टीच्या गुंडांनी म्हाताऱ्यांना लोळवलं.

घरी आल्यावर काका सगळ्यांना सांगू लागले, "गुंडांनी ढकललं. मी डोळ्यांनी पाहिलं."

बाबांनी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "श्रीधर घरातच पडला असेल. आता हीरो बनतोय."

मी बाबांना एक्स-रे दाखवला.

"हाड कुठेही मोडतं," म्हणाले, आणि मलाच एक व्हिडिओ दाखवायला लागले.

ऑपरेशन झालं होतं, पण काका पुन्हा चालले नाहीत. अंथरुणाला खिळले, मग छातीत कफ साठत गेला.

"बाबा, एकदा खाली चला."

"पहले वो माफी मांगे. ग्रुपवर."

काकांना विचारलं, तर म्हणाले, "दादाला सांग, आधी ते लिहिलेलं डिलीट कर."

कुणीच काही केलं नाही.

आज बाबा खाली आले. काकांजवळ जमिनीवर बसले. अंघोळ घालताना त्यांना ऑपरेशनचा व्रण दिसला.

"केवढं कापलंय," एवढंच म्हणाले.

घाटावरून परतताना रिक्षात त्यांनी मला हळूच विचारलं, "त्याला खरंच कुणी ढकललं होतं का गं?"

"माहीत नाही, बाबा."

आता ग्रुपवर काकांचा फोटो टाकलाय. खाली नातेवाइकांचं सुरू झालंय. कुणी लिहितंय, शहीद झाले. कुणी लिहितंय, गेलेल्या माणसावरून राजकारण नको, पण सच तो सच है.

मी ग्रुप सोडला. म्हणून इथे लिहितेय.

काका, तुम्ही पडला होतात. तुम्हाला फार दुखलं. हॉस्पिटलमध्ये मी तुमच्याजवळ होते, मी ऐकलंय.

तुमच्या पुतणीचा शेवटचा नमस्कार.