दुखवट्यात आलेला कीबोर्ड

वडील गेल्यानंतर मी जळगावची खोली बंद करून धुळ्याला आईजवळ राहायला आले. त्यांना आम्ही नाना म्हणायचो आणि आईला माय. जळगावात मी एका छोट्या प्रकाशन संस्थेत काम करते. जुन्या लेखकांची हस्तलिखितं टंकून घ्यायची आणि मुद्रितं तपासायची, असं ते काम. साहेबांनी मार्चअखेरपर्यंत घरून काम करायची मुभा दिली होती. हातात घेतलेलं हस्तलिखित तोवर पूर्ण झालं तर पुढेही धुळ्यातूनच करा, नाही झालं तर एक एप्रिलला खुर्चीत दिसा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

गोष्ट माझ्या नोकरीवर थांबली असती तर मी घाबरले नसते. पण मी जळगावला परतले की मायला घरी एकटं ठेवायचं नाही, असं भावाने ठरवून टाकलं होतं. तो तिला पुण्याला नेणार होता. मायचं म्हणणं एकच होतं. नानांची पहिली आखाजी याच घरात व्हायची. आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात. ज्या घरात माणूस गेला तिथली घागर पुण्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर कशी भरायची, हे तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. म्हणजे माय या घरात राहणार की नाही, हे आता मी किती पानं टंकते त्यावर आलं होतं.

आणि पानं होत नव्हती. हस्तलिखित एका निवृत्त शिक्षकांचं होतं, तापीकाठच्या जुन्या विहिरींवर लिहिलेलं. अक्षर बारीक, समासात भर, भरीवर बाण. माझ्या लॅपटॉपची बटणं सपाट झाली होती. वेलांटीचं बटण दोनदा दाबावं लागे आणि ते कधी एकदा उठे, कधी दोनदा. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं बधिर होत. नवा कीबोर्ड घ्यायला हवा, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण दुखवट्याच्या वर्षात घरात नवी वस्तू आणायची नाही, हे माय कडकपणे पाळत होती. बादलीला चीर गेली तर तिने उलथनं तापवून प्लास्टिक चिकटवलं, नवी आणू दिली नाही. ऑफिसचा आहे असं सांगून मी कीबोर्ड आणू शकले असते. नाना गेल्यावर त्या घरात खोटं बोलावंसं वाटेना.

तोड मामाने काढली. माझा मामा पारोळ्याला शेती करतो. फोनवर मी सहज बोलले तेव्हा तो म्हणाला, पहिल्या सणाला माहेरची माणसं येतात, त्यांनी आणलेलं नवं चालतं. होळीला मी येणारच आहे. तू दुकानात बघून ठेव, मी जळगावला जाणार आहे तेव्हा उचलतो आणि दुखवट्यात आणतो.

म्हणून ऑफिसात पानं द्यायला गेले तेव्हा मी बाजारातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या दुकानात गेले. मला काय हवं ते पक्कं होतं. नानांच्या खाटेच्या जागी जी चिंचोळी टेबलासारखी फळी मी मांडली होती, तिच्यावर हस्तलिखितही उघडं राहायला हवं, म्हणून कीबोर्ड लहान हवा. तार नको. बटणं खोल आणि स्वतंत्र हवीत, बोट टेकल्यावर समजलं पाहिजे की अक्षर उठलं. आकड्यांचा उजवीकडचा ठोकळा नको, पण वरची आकड्यांची ओळ हवी, कारण मराठी टंकताना क्ष, ज्ञ, त्र, श्र तिच्यावरच बसतात. बाणाची बटणं तर हवीतच, मुद्रितं तपासणाऱ्याला त्यांच्याशिवाय चालत नाही. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवला तो फार देखणा होता, पण त्याला बाण नव्हते. मग थोडा रुंद निघाला, त्याला होते.

"आता आतलं कोणतं?" दुकानदाराने विचारलं. त्याने एका पट्टीवर बसवलेली, आतल्या खटक्याचा रंग आणि आवाज वेगवेगळा असलेली तीन सुटी बटणं माझ्यासमोर ठेवली. "हे निळं, हे तपकिरी, हे लाल. निळं दाबून बघा, ताई. लोक निळंच नेतात."

मी निळं दाबलं. टक् असा लख्ख आवाज झाला. मागे उभ्या गिऱ्हाइकाने मान वळवली आणि मी बोट झटकन मागे घेतलं.

याचं कारण सांगायला हवं. शेवटचे काही महिने नानांची वाचा गेली होती. उजवी बाजू लुळी होती. डाव्या हातात एक स्टीलचा चमचा असे आणि काही हवं असलं की ते खाटेच्या लोखंडी गजावर तो वाजवत. टक्. पाणी. टक्. कूस बदल. माय स्वयंपाकघरातून हात तसेच घेऊन धावे. ते गेल्यावर चमचा थांबला, तिचं धावणं थांबलं नाही. पाल चुकचुकली, शेजारी कोणी खिळा ठोकला, की ती उठून उभी राही. उठल्यावर आता कुठे जायचं नाही हे तिला आठवे आणि मग ती तिथेच उभी राही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मी काढून ठेवला होता.

"लाल," मी दुकानदाराला म्हटलं. लाल दाबून पाहिलं होतं, जवळजवळ मुकं होतं. "लहान, बिनतारी, बाण असलेला आणि लाल. माझे मामा येतील घ्यायला. त्यांनी फक्त लाल म्हटलं की द्या."

मामालाही फोनवर तेवढंच सांगितलं. बाकी काही सांगायची गरज वाटली नाही.

होळीला मामा आला. पांढरं धोतर, पांढरी टोपी. मायसाठी फिक्या रंगाचं पातळ आणलं होतं आणि नव्या पंच्यात गुंडाळलेलं खोकं. ते त्याने नानांच्या फोटोसमोर ठेवलं, हात जोडले आणि मग माझ्याकडे सरकवलं. माय फोटोशेजारी बसली होती. मी पंचा सोडला. खोक्यावर निळा ठिपका होता.

माझा चेहरा बघून मामा खूश झाला. त्याला वाटलं मला आवडलं.

"तो दुकानवाला लाल देवाले लागना," तो मायला सांगू लागला. "मी बोलनू, येडा शे का तू? दुखवटानं घर शे. बहीणना घरमा मी लाल लई जाऊ? तो बोलना, आबा, आतमा लाल शे, बाहेरथून दिखावत नही. मी बोलनू, आत ऱ्हाय का बाहेर, लाल ते लालच. निळं दे. रंग दुसरा शे, बाकी बठ्ठं तेच."

मायने त्याच्याकडे बघितलं. किती तरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "ध्यान ठेयं तू," ती म्हणाली. तिच्या कपाळावरचं लाल गेलं होतं आणि ते तिच्या भावाने दुकानात उभं राहून लक्षात ठेवलं होतं. दुखवट्यात आलेली वस्तू परत करत नाहीत. परत केली तर माहेर दुखावतं. मामा जेवून, हात धुऊन, पारोळ्याच्या गाडीने गेला.

खोकं मी तसंच ठेवलं आणि लॅपटॉपवरच काम करत राहिले. वेलांटी अडकत होती. विहिरींची प्रकरणं अजून बरीच उरली होती. भावाचा फोन आला, "महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो. मायची बॅग भरायला घे." मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. तो म्हणाला, "तुझं नसेल ठरलं."

मग एका सकाळी माय भाजी निवडत असताना मी कीबोर्ड काढला. खाली घडी केलेला टॉवेल घातला. जोडला गेल्याचा बारीक दिवा लागला. अगदी हळू, बोट दाबून न सोडता, मी एक अक्षर टंकलं.

टक्.

स्वयंपाकघरात ताट खाली ठेवल्याचा आवाज झाला. माय दारात आली. हाताला मेथीची पानं चिकटली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पलीकडे, जिथे खाटेची उशाची बाजू असायची तिकडे बघत होती.

"माय, मी आहे."

"हां," ती म्हणाली आणि आत गेली.

मी टॉवेलाखाली गोधडी घातली. बटणांच्या खालून आवाज कमी झाला, बटणांचा झाला नाही. दुपारी पुन्हा प्रयत्न केला, एक सबंध परिच्छेद. अक्षरं इतकी स्वच्छ उठत होती की मी दोन ओळींपुरती सगळं विसरले. मान वर केली तर माय दारात उभी. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. तिचे ओठ घट्ट मिटले होते. मी खोकं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ती देवळात गेली तेवढ्यात टंकलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडे पाठवलं. पण ती लगेच परत यायची आणि चपलांचा आवाज आला की माझे हात आपोआप मागे यायचे. पानं वाढत होती, पण पुरेशी नाही. मी मनात हिशेब करायचे आणि प्रत्येक वेळी तो चुकायचा.

महिना संपत आला तेव्हा नवे गहू आले होते. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन निवडत बसली होती. मी लॅपटॉपवर एकच ओळ तिसऱ्यांदा दुरुस्त करत होते. ती सुपाकडेच बघत म्हणाली, "मना भाऊनी दिधं ते काब्र वापरस नही?"

"आवाज होतो माय."

"माले ऐकू येस." ती खडे वेचत राहिली. मग तिने सूप खाली ठेवलं. "तार नही ना येले?"

"नाही."

"मंग तठेच काब्र बसस?" तिने हाताने खाटेची जागा दाखवली. "वाजू दे. पन तठून नको."

मी फळीमागच्या भिंतीकडे बघितलं. खोलीत प्लग त्या एकाच भिंतीला, नानांच्या उशाशी होता. त्यांचं ऑक्सिजनचं यंत्र तिथे लागायचं म्हणून बसवून घेतलेला. लॅपटॉप तिथे, म्हणून फळी तिथे, म्हणून मी तिथे. दुकानात मी बाण मोजले, ओळी मोजल्या, तीन रंगांचे आवाज कानाशी धरले. आवाज कोणत्या बाजूने येईल हा विचार मला शिवलाच नव्हता, आणि तार नसलेली वस्तू मी त्या भिंतीलाच बांधून ठेवली होती.

लॅपटॉप फळीवर ठेवून मी त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे फिरवलं, अक्षरं मोठी केली. कीबोर्ड पाटावर घेतला आणि उंबऱ्याच्या या बाजूला, मायच्या समोर बसले. हस्तलिखित मांडीवर. पहिलं बटण दाबलं तेव्हा तिचे खांदे उचलले गेले. तिने माझ्या बोटांकडे बघितलं. दुसरं दाबलं. तिसरं. ती बोटांकडेच बघत होती, जणू प्रत्येक आवाज कुठून निघतो ते तपासून घेत होती. बऱ्याच वेळाने तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. त्या दिवशी ती उठली, पण चहाला.

एकतीस तारखेला सकाळी मी शेवटचं प्रकरण पाठवलं. साहेबांचं उत्तर यायचं होतं. दुपारी भाऊ आला. दाराशी गाडी लावून, रिकामी बॅग हातात घेऊनच आत आला. पाणी प्यायला आणि नानांच्या फोटोखाली बसला. मी पाटावर बसून एक सुधारित पान टंकत होते, कारण नुसतं बसून राहणं मला जमलं नसतं.

टक्.

भाऊ ताडकन उठला. नानांच्या शेवटच्या आठवड्यात तोही इथेच होता. तो खाटेच्या जागेकडे वळला, एक पाऊल टाकलंही, आणि मग तिथे फळी आहे हे बघून थांबला. पुण्यात तो कोणत्या आवाजाला उठत असेल, मला माहीत नाही. आम्ही ते कधी बोललो नव्हतो.

"ती शे," माय आतून म्हणाली. गव्हातून हात न काढता. "लिखी ऱ्हायनी ती. बस."

तो बसला. मग उठून माझ्याजवळ आला, खाली वाकला आणि एका बोटाने एक बटण दाबलं. मग तेच पुन्हा दाबलं. विहिरींच्या मजकुरात एकाच अक्षराच्या दोन प्रती उमटल्या. मी त्या पुसल्या नाहीत.

"मामाने आणला?"

"हो."

"लाल नव्हता का मिळत? तो मुका असतो." तो संगणकाच्याच कामात आहे.

"होता," मी म्हटलं. "मामाने घेतला नाही." कारण सांगितलं तेव्हा तो हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून खिडकीकडे गेला.

साहेबांचं उत्तर उन्हं कलल्यावर आलं. मजकूर चांगला आहे, पुढचं हस्तलिखित टपालाने धुळ्यालाच पाठवतो. मी ते मोठ्याने वाचलं. भावाने ऐकलं आणि बॅगेची चेन उगीचच उघडून पुन्हा लावली.

"एकटी सगळं करशील?" त्याने मला विचारलं.

उत्तर मायने दिलं. ती निवडलेले गहू डब्यात ओतत होती.

"आखाजीले ये तू," ती त्याला म्हणाली. "घागर तुलेच भरनी शे."