पट्टीबाहेरचे सत्तारभाई

सत्तारभाई शुक्रवारी गेले. तेव्हापासून मला माझंच कपाट उघडायची भीती वाटत होती.

वडशात आम्ही दोघं लग्नाचं शूटिंग करायचो. कॅमेरा माझ्याकडे, मिक्सर त्यांच्याकडे.

काल त्यांच्या मुलीचा फोन आला.
"काका, अब्बांचं चालतं-बोलतं काही आहे का तुमच्यापाशी? फोटो आहेत. आवाज नाई."

"शोधतो," म्हणालो.

कपाटात एकच कॅसेट उरली होती. कुरखेड्याच्या लग्नाची, आमच्या पहिल्या वाइड, म्हणजे लांबट चित्राच्या कॅमेऱ्यावरची.
बुरशी लागली असेल तर?

त्या लग्नातही मी असाच घाबरलो होतो.

कॅमेरा नवा, बाकी सामान जुनं. चौकोनी मॉनिटरवर नवरी बांबूसारखी उंच अन् बारीक दिसत होती.
वऱ्हाड दारात. लग्न काही दुसऱ्यांदा लागत नाही.

"भाई, लोक मारतील आपल्याले."

"नवरीची माय खुश होईल, पोरगी बारीक झाली म्हणून. तू काऊन घाबरून राह्यला?"

त्यांनी मॉनिटरचं मागचं झाकण काढलं आणि चालू मशीनमध्ये पेचकस घातला. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा चित्राची उंची कमी झाली होती. वर-खाली काळं, पण मधे नवरी नवरीसारखी.

मग त्यांनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दोन्ही कडांना काळ्या टेपची पट्टी चिकटवली. लोकांचे टीव्ही चौकोनी, सीडी करताना बाजूचं कापावंच लागणार होतं.

"माणसं पट्टीच्या आत ठेव. नवरीच्या मामाले सोडू नको, नाईतर खरंच मार पडंल."

आणि स्वतः मिक्सर घेऊन पट्टीबाहेर बसले. तिथलं कुणाला दिसणारच नव्हतं.

आज कॅसेट त्याच जुन्या कॅमेऱ्यात घातली. वायर मुलाच्या लांबट टीव्हीला जोडली. बटण सुनेला दाबायला लावलं.

आधी नुसत्या रेघा. माझा जीव गेला.

मग अंतरपाट. नवरी. मामा.

आणि अगदी डाव्या कडेला, सीडीत कापलेल्या भागात, सत्तारभाई. गालात पान, नजर मॉनिटरवर. अक्षता पडतात आणि ते माझ्याकडे वळून म्हणतात,
"हलू नको. सगळे दिसून राह्यले."

त्यांच्या मुलीला तेवढं मोबाइलवर काढून पाठवलं.
कॅसेट अजून कॅमेऱ्यातच आहे. काढताना तुटली तर, म्हणून हात लावत नाही.

दिसले, भाई. तुम्हीपण दिसले.
माझा शेवटचा सलाम.