लाल आकडा आणि सरांची पेन्सिल

"लाल आकड्याशी वाद घालायचा नाही!"

अंबरनाथ पश्चिमेच्या क्लिनिकमध्ये रुजू झाले, त्या दिवशी मला सांगितलेला हा पहिला नियम. का, ते विचारायचं नाही. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, माझं क्लिनिक चिखलोलीला आहे. पण वाकडे दात सरळ करणारे आम्ही तिघं, म्हणजे कारखानीस सर, त्यांचे उल्हासनगरचे पार्टनर मोटवानी सर आणि मी, आजही भेटलो की किस्से निघतातच. जुन्या पेशंटच्या फायलींसारखे साठलेत. टाकवत नाहीत!

*

लाल आकडा म्हणजे काय, तर चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढायचा आणि कॉम्प्युटरला द्यायचा. तो दात, जबडा, ओठ मोजतो आणि एका 'आदर्श' चेहऱ्याशी ताडून बघतो. जुळलं तर आकडा हिरवा, नाही तर लाल.

"पण हा आदर्श चेहरा कोणाचा?" मी विचारलं.

मोटवानी सर म्हणाले, "बेटा, बाहर का है. अच्छा ही होगा!"

*

विठ्ठलवाडीच्या एक मावशी आल्या. मुलाच्या लग्नाआधी पुढचा दात सरळ हवा होता. एक्स-रेच्या वेळी नाकातली चमकी काही काढेनात. कॉम्प्युटरने चमकीलाच नाकाचं टोक समजून मोजलं. आकडा लालभडक!

कारखानीस सर गंभीरपणे म्हणाले, "मावशी, नाक जरा जास्तच पुढे आहे तुमचं."

"डॉक्टर, ते नाक नाही. सोनं आहे!"

*

पण कारखानीस सर खरे कसे आहेत, ते मी एका शुक्रवारी पाहिलं. शुक्रवारी आमच्याकडे लाइट जायचीच. कॉम्प्युटर बंद. सरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, वर ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि कानामागची पेन्सिल काढली. काय हात होता! दहा मिनिटांत जबडा कागदावर. मग पेशंट मुलाकडे वळून म्हणाले, "हास बघू. आता बोल. आता बाबांकडे बघ." आणि ठरवलं, एकही दात काढायचा नाही.

मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत कॉलेजात मला हे कोणी शिकवलं नव्हतं.

लाइट आली. कॉम्प्युटरचं उत्तर वेगळं आलं: दात काढा.

सरांनी खोडरबर घेतला आणि स्वतःची रेघ खोडली! त्या दिवसापासून पेन्सिल ड्रॉवरमध्ये गेली. मला इतका राग आला, की त्या दिवशी मी त्यांच्यासोबत चहासुद्धा घेतला नाही.

*

मग आली रेवती. बदलापूरजवळच्या गावातली, सोळा वर्षांची. एकच सुळा वर चढलेला, तेवढाच खाली आणायचा होता. रिपोर्ट आला: ओठ पुढे, आकडा लाल, चार चांगले दात काढून ओठ मागे घ्या.

सोबत आई आणि आजी होत्या. आजी म्हणाली, "आमचे घरान सगल्यांचे ओठ असंच हान. पोरीला दुसऱ्याची कराची हाय का?"

तिघींचा चेहरा एकच होता. आजीचा, आईचा, रेवतीचा. मी त्यांना बाहेर बसवलं आणि आत गेले.

"सर, मी हे दात काढणार नाही."

"नियम माहीत आहे ना?" कारखानीस सर म्हणाले.

"अरे, दो दिन की डॉक्टर!" मोटवानी सर.

कॉम्प्युटर बसवला त्या दिवशी चाचणीसाठी एक जुना एक्स-रे टाकला होता. त्याचा रिपोर्ट कोणी कधी काढलाच नव्हता. तो मी काढला, नावावर अंगठा ठेवला आणि टेबलावर धरला.

"हे पेशंट. काय करायचं?"

दोघांनी चष्मे चढवले. आकडा लाल. दोघं एका सुरात म्हणाले, "चार दात काढायचे!"

"मग उद्या सकाळी नाश्ता करून या, कारखानीस सर. हे तुम्हीच आहात." मी अंगठा उचलला. "तुमचे काढते. रेवतीचे नाही."

मोटवानी सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कारखानीस सर आपल्याच जबड्याकडे बघत राहिले. मग हळूच त्यांचा हात पेन्सिल शोधत कानामागे गेला.