सासऱ्यांच्या नावची पत्रं

कच्च्या कापसाचा वास आला की मला तो कॅनडाचा फॉर्म आठवतो. भाव पडले म्हणून चांदूर बाजारजवळच्या आमच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता आणि त्याच खोलीत अंग खाजवत मी नवऱ्याकडे कॅनडाला जायच्या व्हिसाचा अर्ज भरत होते. नवऱ्याने तिकडून फोनवर सांगितलं होतं, "वकील काहून पाह्यजे? सोपा तं आहे फॉर्म." सोपा! लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून नवराबायकोची पत्रं जोडायची होती आणि दीड वर्षातली त्याची सगळी पत्रं सासऱ्यांच्या नावची. माझ्या वाट्याला प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, 'सौ. मजेत असेल.' मी वैतागून गठ्ठा सासऱ्यांपुढे आपटला. "मामाजी, याच्यात मी कुठे आहे?" त्यांनी चष्मा लावून एकेक पत्र नीट पाहिलं. "कागदावरून तं त्याचं लगन माह्यासंगच झालं दिसून राह्यलं," ते म्हणाले आणि तिथंच मुलाला पत्र लिहायला बसले: "आता मले लिहू नको. तिले लिही." महिनाभराने माझ्या नावाचं पहिलं पाकीट आलं, आत चार पानं. नंतर आलेली पत्रं जोडून अर्ज पाठवला, तो मंजूरही झाला. ते पहिलं पत्र मात्र मी कुठल्याच साहेबाला दाखवलं नाही आणि आज इतक्या वर्षांनी नवरा मागतो, तर त्यालाही देत नाही.