ठराव क्रमांक सात: अणुबाँब

नेर तालुक्यातल्या त्या गावात नाली तुंबली की लोक ग्रामसेवकाकडे जात आणि ग्रामसेवक तुंबला की इंदूबाईंकडे. एकतीस वर्षं अंगणवाडीसेविका म्हणून त्यांनी अकरा-अकरा रजिस्टरं भरली. पोरांची वजनं, गरोदर बायांच्या गोळ्या, खिचडीतली डाळ, सगळं. त्यातून त्यांचा एक सिद्धान्त पक्का झाला: रजिस्टरात नाही ते जगात घडलंच नाही. नवरा वारला तेव्हा मृत्यूचा दाखला हाती येईपर्यंत त्यांनी रडणंही लांबणीवर टाकलं, असं गावात सांगतात. खोटं असेल, पण कोणाला खोटं वाटत नाही.

यंदा एका दुपारी टीव्हीवर चार टायवाले भांडत होते. पहिला अणुबाँब आपण टाकणार नाही, हा भारतानं जगाला दिलेला शब्द आता गुंडाळून ठेवा, असं एकाचं म्हणणं. दुसऱ्यानं पोखरणच्या पहिल्या चाचणीची आठवण काढली, ‘बुद्ध हसला’ हा तेव्हाचा सांकेतिक निरोप ऐकवला आणि मिशीतल्या मिशीत खूश झाला. इंदूबाईंच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्यांनी टीव्ही बंद केला, वही उघडली आणि सरळ ठराव लिहायला घेतला.

ग्रामसभेत सहा विषय होते, सगळे नाली, नळ आणि संडासाच्या आसपासचे. सातवा ‘ऐनवेळचे विषय’. इंदूबाई उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या, “आपल्या देशानं पहिला अणुबाँब कोणावर टाकू नये, दिलेला शब्द मोडू नये आणि बाँबाच्या कामात बुद्धाचं नाव घेऊ नये.”

ग्रामसेवक चारुदत्त यवतमाळहून ये-जा करणारे, नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “इंदूताई, हा ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतला विषय नाही.”

“बाँब पडला तं ग्रामपंचायत सोडून पडन काय?”

“तो दिल्लीचा विषय आहे.”

“दिल्लीले मतं कुठून जातेत, साहेब?”

मागून फौजेतून निवृत्त झालेले फुलसिंग उठले. “बाँब हाय म्हणून कोणी आपल्याकडं वाकड्या डोळ्यानं पाह्यत नाही, बाई. तुमाले काय समजते त्यातलं?”

“बाँब मोडा, असं माह्या मनात हाय, पण लिवलं नाही. लिवलं एवढंच का शब्द पाळा. फौजेत शब्द मोडाले शिकवत होते काय, भाऊ?”

“नाही.”

“मंग अनुमोदन द्या.”

“मी विरोध कराले उठलो होतो.”

“उठलेच आहा, तं हात बी वर करा.”

फुलसिंगांनी एक अट घातली. “‘बाँब ठेवा, पण पहिले टाकू नका’, असं लिवा.”

“माह्या ठरावात ‘बाँब ठेवा’ येणार नाही. तुमाले पाहिजे तं आठवा ठराव मांडा.”

आठव्याला अनुमोदक शोधण्याची कल्पना फुलसिंगांना झेपली नाही. त्यांनी, सीमेवर शरण जातोय अशा चेहऱ्यानं, हात वर केला. पाठोपाठ बायांचे हात वर गेले.

चारुदत्तांनी लगबगीनं तीन शब्द खरडले. इंदूबाई म्हणाल्या, “वाचा.”

“‘विश्वशांतीबाबत चर्चा झाली.’”

इंदूबाईंनी उघड्या वहीवर तळहात ठेवला. या गावात चहा झाल्यावरच बाया हजेरीत सह्या करतात, आणि चहा अजून चुलीवर होता. “जसं बोलली तसं लिवा. नाहीतं एकही बाई सही करणार नाही.”

बायांच्या सह्या नाहीत म्हणजे कोरम नाही, कोरम नाही म्हणजे नालीही नाही. सरपंचाचा चेहरा उतरला. “लिवा साहेब, आपल्याले नालीशी मतलब.”

चारुदत्तांनी ओळ खोडली आणि अणुबाँब, शब्द, बुद्ध, सगळं जसंच्या तसं उतरवलं. इंदूबाईंनी बोट फिरवत दोनदा वाचलं. मग चहा आला, सह्या झाल्या.

“ताई,” वही मिटत चारुदत्त म्हणाले, “दिल्लीत हे कोणी वाचणार नाही.”

“नको वाचू द्या. उद्या कोणी बाँब टाकला अन् म्हणलं का साऱ्या देशानं हो म्हणलं होतं, तं मी नाही म्हणली हे माह्याजवळ कागदावर पाहिजे. वही उघडा, नक्कल लिवा. शिक्क्यासकट.”